जवारी अर्धी

तुमच्या त्या गिटारच्या डबीत 'जवारी अर्धी' या नावाचा एक आवाज साठवलेला आहे. परवा धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, माझ्या मैत्रिणीला या नावाचा अर्थ काय सांगू?" मी म्हटलं, हे दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही, लिहून पाठवते. तुम्हा दोघांना मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. हळूहळू वाचा. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा आणि बाबाला विचारा. त्यालाही नाही आलं तर मला.

गेल्या वर्षी श्रावणात एके दिवशी तुमच्या आबांनी गिटार मऊ फडक्याने पुसली, तिच्या तारा सैल केल्या, तिला काळ्या पेटीत निजवलं आणि ती पेटी पुढच्या खोलीत दाराजवळ उभी करून ठेवली.

"हे काय?" मी विचारलं.

"दिवाळीला पोरगं येईल ना, त्याच्याबरोबर देऊन टाकू. थोरला वाजवतो. इथं ठेवून काय लोणचं घालायचंय?"

"आणि तुम्ही?"

"माझी बोटं गेली आता."

बोटं गेली नव्हती. त्याच सकाळी त्यांनी मला पसाभर शेंगा फोडून दिल्या होत्या, एकही दाणा न मोडता. गेले होते ते कान. कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांत यंत्रं बसवून दिली, तेव्हापासून त्यांना माझं बोलणं ऐकू येऊ लागलं, दाराची घंटा ऐकू येऊ लागली, पण गिटारचा आवाज बिघडला. तुमच्या बाबाने पूर्वी आणून दिलेल्या लहान स्पीकरला ते गिटार जोडत, दोन ओळी वाजवत आणि थांबत. "नुसता पत्रा वाजतोय," म्हणत. पुढे पुढे जोडणंही बंद झालं.

लग्न झाल्यापासून मी या माणसाला रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर, हातपाय धुऊन, चहाच्या आधी गिटार हातात घेताना पाहिलं. त्याने ती उचलून दाराशी नेऊन ठेवावी हे मला बघवेना. दिवाळीला दोन-अडीच महिने होते. तेवढ्या दिवसांत त्यांचं मन बदललं नाही, तर गिटार विमानात बसून जाणार आणि हे रिकाम्या हातांनी घरात येरझारा घालणार, एवढं मला स्पष्ट दिसत होतं. शिवाय यात माझा एक दोष होता. तो आधी सांगून टाकते.

मी नांदेडची. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, लग्न होऊन लातूरला गेले आणि तिथल्या शाळेत शिकवू लागले. आबा तिथे पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. बघायला आले तेव्हा म्हणाले, मी गिटार वाजवतो. माझ्या वडिलांना ते सतार असं ऐकू आलं, आणि मुलगा शास्त्रीय संगीतातला आहे म्हणून त्यांनी लगेच होकार दिला. लग्नानंतर ते पहिल्यांदा लातूरला आले. जावयाच्या मांडीवर लाल रंगाची, वायर जोडलेली वस्तू पाहून त्यांनी आधी ती वायर कुठे जाते ते वाकून बघितलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "शॉक तर नाही ना लागत?"

गिटार हैदराबादेहून आणलेली होती. तिचा आवाज मोठा करणारा डबा मात्र लातूरचाच. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एक रेडिओ दुरुस्त करणारे होते, आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. जुन्या रेडिओंचे सुटे भाग, काचेचे दोन दिवे आणि सागाच्या फळ्या जोडून त्यांनी तो डबा बनवला होता. दिवे तापायला थोडा वेळ लागे. ते लालसर झाले की आबा पहिली तार छेडत, आणि आमच्या दोन खोल्यांत काहीतरी पसरत जाई. त्या आवाजाचं वर्णन मला तेव्हाही जमलं नाही. सायीच्या दह्यासारखा जाड होता, आणि सूर संपता संपता त्याला किंचित खरखर येई, गूळ खाताना दाताखाली एखादा कण यावा तशी.

कचेरीतल्या पाच जणांनी मिळून ऑर्केस्ट्रा काढला होता. गणपतीत आणि नवरात्रात रेणापूरपासून देवणीपर्यंत त्यांचे कार्यक्रम होत. तालीम आमच्या घरी, कारण आमच्या घरमालकीणबाईंना कमी ऐकू येई. कार्यक्रमाहून परत आले की आबा हमखास म्हणत, "चांगलं झालं. पण घरच्यासारखा आवाज नाही लागला." मला वाटे, बायकोला खूश करायला म्हणतात.

पुढे नांदेडला बदली झाली. तोवर ऑर्केस्ट्रा मोडला होता, चाचा वारले होते, आणि एक दिवा गेल्यामुळे तो डबा कितीतरी दिवस मुका पडून होता. तसला दिवा कुठे मिळत नव्हता. घर हलवताना मी माझ्या पद्धतीप्रमाणे दोन प्रकारच्या चिठ्ठ्या केल्या, 'ठेवायचं' आणि 'द्यायचं', आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर एकेक चिकटवली. शिलाई मशीन, पाळणा, धान्याची पत्र्याची कोठी, पुस्तकं यांच्यावर 'ठेवायचं'. मोडकी खुर्ची, गळकी बादली आणि तो डबा यांच्यावर 'द्यायचं'. भंगारवाल्याने हातगाडीवर टाकून तो नेला तेव्हा आबा कचेरीत होते. संध्याकाळी आले, घरभर पाहिलं, आणि म्हणाले, "बरं झालं. जागा झाली." पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. काढला असता, दोन शब्द बोलले असते, तर मला सोपं गेलं असतं.

थोरल्या, गिटार तुझ्याकडे येणार आहे हे मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू खूश होशील असं वाटलं होतं. तू म्हणालास, "मग आबा काय वाजवणार?" आणि तीन आठवड्यांनी तुझी जुनी डबी आमच्या दारात आली. पानाच्या डब्याएवढी. तिच्यात एकही काचेचा दिवा नाही, पण तऱ्हेतऱ्हेच्या अॅम्प्लिफायरच्या नकला तिच्यात भरलेल्या आहेत, आणि हवी ती नक्कल निवडून, बटणं फिरवून, आबांच्या डब्याचा आवाज आपण बनवू, असं तू समजावलंस. "आजी, तुझ्याकडे तेव्हाचं काही लिहिलेलं आहे का?"

मला हा प्रश्न विचारायची गरज नव्हती. माझ्याकडे सगळंच लिहिलेलं असतं.

जिन्याखालच्या कोठीत मी घरातले जुने कागद ठेवत असे: तुमच्या बाबाची प्रगतिपुस्तकं, घरपट्टीच्या पावत्या, माझ्या परीक्षांच्या गुणपत्रिका. पत्र्याला वाळवी लागत नाही. त्यातून मी लातूरची एक लांब वही काढली. चाचांनी सांगितलं तसं मी त्यात लिहून ठेवलं होतं, कारण त्यांना उर्दूच लिहिता येई आणि आम्हाला उर्दू वाचता येत नसे. चार रकाने होते: आवाज, बेस, टेबल, जवारी. खाली पहिलीच ओळ, 'आवाज साडेदहा, बेस दोन, टेबल नऊ, जवारी अर्धी.' तिच्यापुढे तांबड्या शाईत, 'उत्तम'.

डब्याच्या बटणांवर आकडे नव्हते. म्हणून मी ती घड्याळाच्या काट्यासारखी लिहीत असे. तू लगेच हिशेब मांडलास की सात वाजता शून्य आणि पाच वाजता दहा, म्हणजे साडेदहा म्हणजे साडेतीन, दोन म्हणजे सात, नऊ म्हणजे दोन. मला तुझं कौतुक वाटलं.

"आणि टेबल म्हणजे? डबा टेबलावर होता का?" तू विचारलंस.

"टेबल म्हणजे ट्रेबल," मी सांगितलं. "चाचा तसंच म्हणत. सगळेच रेडिओवाले तसंच म्हणतात."

"मग जवारी?"

इथे आबा मध्ये आले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून सूर झणझणता करतात, त्याला जवारी म्हणतात, असं त्यांनी तुला समजावलं. तू तिकडे शोधलंस आणि तुला तेच सापडलं. तू म्हणालास की म्हणजे हा गेनच, आवाजाला खरखर आणणारं बटण. अर्धी म्हणजे पाच.

"पण मला तर तीनच बटणं आठवतात," आबा म्हणाले.

"वहीत चार रकाने आहेत."

"असतील. मला तीन आठवतात."

"तुम्हाला लग्नाचा वारसुद्धा आठवत नाही," मी म्हटलं, आणि तो विषय तिथे संपला.

धाकटीने तेव्हा एकदा विचारलं होतं की जवारी हा खायचा पदार्थ आहे का. मी तिला ठणकावून सांगितलं की खायची ती ज्वारी. 'ज' अर्धा. आमच्याकडे लोक बोलताना जवारी म्हणतात, पण मी आयुष्यात कधी तसं लिहिलेलं नाही. माझ्या हातून 'जवारी' लिहिलं गेलं असेल तर तो संगीतातलाच शब्द. हे मी शिक्षिकेच्या आवाजात बोलले.

मग सुरू झाले आपले रविवार. तुमच्याकडे सकाळ, आमच्याकडे संध्याकाळ. टॅबलेट पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा, डबी स्पीकरला जोडायची, आबांनी पेटीतून गिटार काढून तारा जुळवायच्या. तू तिथून सांगायचास, मी इथून बटण फिरवायचे, आणि आबा ती ऑर्केस्ट्राच्या वेळची ठरलेली सुरावट वाजवायचे. मी वहीत नवीन पान आखलं. कुठली नक्कल, कुठला आकडा, आबांचा शेरा. ते शेरे आता वाचते आणि हसू येतं. 'गोड आहे, पण बोलत नाही.' 'सर्दी झाली आहे.' 'हा पुण्याकडचा वाटतो.' 'बरा आहे, पण हा कुणीतरी दुसराच.' डबीत माईक स्पीकरपासून किती लांब ठेवायचा हेही ठरवता येतं, खोली केवढी आहे तेही. तू आमची दोन खोल्यांची जागा मापं विचारून बनवलीस. तरीही नाही. गेन पाचावर ठेवला की सगळंच खरखरे, कमी केला की वहीच्या विरुद्ध जाई, आणि वहीच्या विरुद्ध मी जाऊ देत नव्हते.

नवरात्र सरलं. आबा दर रविवारी वाजवत, पण ते तुमच्यासाठी. फोन बंद झाला की गिटार पुन्हा पेटीत, पेटी पुन्हा दाराशी. एकदा मला म्हणाले, "पोराला आता सांग, जमलं म्हणून. लई मेहनत घेतोय बिचारा."

"खोटं सांगू?"

"त्यात काय खोटं? आवाज चांगलाच आहे. आपला नाही एवढंच."

"मी देऊन टाकला तो डबा," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी ते पहिल्यांदा तोंडातून निघालं.

ते थोडा वेळ शेंगा फोडत राहिले. मग म्हणाले, "मुका होता गं तो." आणि कानातली यंत्रं काढून ठेवली. आताशा बोलणं थांबवायचं असलं की ते असंच करतात.

पुढच्या रविवारी आपण पुन्हा बसलो. दिवाळी पंधरा दिवसांवर होती. तू एक नवीन नक्कल काढली होतीस आणि आबा तारा जुळवत होते. तेवढ्यात आमच्याकडे भाकरीला येणाऱ्या मावशी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर आल्या.

"बाई, जवारी सरली. दोन भाकरीपुरतं पीठ हाय."

धाकटी तिकडून म्हणाली, "आजी, मावशी पण गिटार वाजवतात?"

"कसली गिटार?" मावशी टॅबलेटकडे वाकून म्हणाल्या. "म्या जवारीचं सांगून राहिले, अन् ही पोरगी गिटार म्हणती. काय ऐकून राहिले तुमी समदे?"

तुम्ही हसलात. आबाही हसले. मी हसले नाही, कारण माझा हात वहीवरच थांबला होता. 'जवारी नाही: आवाज पोकळ.' पान उलटलं. 'जवारी पाव.' 'जवारी पूर्ण: आवाज बसला.' आणि मला तो शुक्रवार आठवला.

डब्यातून हूं हूं असा आवाज येत होता म्हणून चाचा नमाजानंतर घरी आले होते. तारेचा एक सांधा सुटला होता, तो त्यांनी जोडला. मग आबांना वाजवायला लावलं आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. मग उठले. डॉक्टर रोग्याच्या पाठीवर बोटं आपटून ऐकतात तसे, त्या डब्याखाली जे होतं त्यावर वरपासून खालपर्यंत बोटांनी ठोकत गेले. वर पोकळ वाजलं. मधे एका जागी आवाज बदलला आणि खाली भरीव झाला.

"भाभी, जवारी कित्ती है इसमें?"

"निम्मी असेल," मी म्हटलं होतं.

"हौ. अब समझा. मेरी दुकान पे ये डब्बा पतला बोलता, हौर तुम्हारे घर में ऐसा कैसा बोलता. लिखो भाभी. आवाज साडेदस. बेस दो. टेबल नौ. जवारी आधी. पूरी खाली नक्को करना, खोखला बोलता."

आणि मी लिहिलं. श्रुतलेखनात सांगणाऱ्याचा शब्द बदलायचा नाही, हे मी वर्गात रोज सांगत होते. आकडे मराठीत केले आणि 'आधी'चं 'अर्धी', एवढंच. जवारी त्यांनी म्हटली तशी ठेवली.

घरात दुसरी जागा नव्हती, म्हणून तो डबा सुरुवातीपासून धान्याच्या कोठीच्या झाकणावर बसवलेला होता. वर्षाची ज्वारी रेणापूरच्या शेतातून चैत्रात येई, कोठी काठोकाठ भरे, आणि भाकऱ्या खात खात गणपतीच्या सुमारास निम्म्यावर येई. म्हणजे बरोबर तालमीच्या दिवसांत. डबा कशावर ठेवला होता हे कोण लक्षात ठेवतं?

मी तुम्हाला हे सगळं सांगितलं तेव्हा तू, थोरल्या, वहीतली पहिली ओळ मला पुन्हा वाचायला लावलीस. मग म्हणालास, "म्हणजे चौथं बटण नव्हतंच."

"तीन होती," आबा गिटारवरची नजर न काढता म्हणाले.

"म्हणजे आवाज हाच गेन. आजी, पाचावरून साडेतीनवर आण."

मी आणलं. आबांनी दोन सूर छेडले. खरखर गेली आणि आवाज एकदम जवळ आला, पण पातळ. चाचांच्या दुकानातल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्याखालची कोठी, लातूरचीच ती, रिकामी केली. माझ्या चाळीसएक वर्षांच्या कागदांचे गठ्ठे पलंगावर मांडले गेले. ते अजून नीट लागलेले नाहीत, आणि मी हे लिहिते आहे यावरून त्याचं मला किती वाईट वाटतं ते समजा. आबा आणि मी रिक्षाने धान्याच्या मोंढ्यात गेलो. आम्ही म्हाताराम्हातारी आता दुकानातून पिठाची पिशवी आणणारी माणसं. एकदम एवढी ज्वारी मागितल्यावर दुकानदार म्हणाला, "काका, घरात कार्य हाय का?"

"हाय ना," आबा म्हणाले. "तालीम हाय."

पोती घरी आली. मावशी पायलीने मोजून कोठीत टाकत होत्या आणि आबा चाचांसारखे पत्र्यावर बोटं ठोकत होते. "बास. अजून एक पायली. बास." कोठी त्यांनी भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला लावली. का ते त्यांना सांगता येईना, पण लातूरला ती तशीच होती म्हणाले. झाकणावर स्पीकर, स्पीकरवर डबी. खाली पाट टाकून ते बसले. गुडघे कुरकुरले. बसल्यावर त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि अनवाणी तळवा कोठीच्या पत्र्याला टेकला. मी तो पाय पाहिला. लातूरला ते तसेच बसत. तेही मी विसरले होते आणि त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

पहिली तार छेडली. झाकणाची कडी बारीक खुळखुळली.

त्यांनी ती सुरावट सुरू केली आणि मधे थांबले नाहीत. मावशी पायली हातात धरून उभ्या होत्या. आवाज पायाखालच्या फरशीत उतरला. सुराच्या शेवटी तो गुळाचा कण आला, आणि तेव्हा मला कळलं की ती कडीच होती, नेहमी. तो सूर घुमत असतानाच आबांनी कानातलं उजव्या बाजूचं यंत्र काढून खिशात टाकलं. मला वाटलं, झालं, आता थांबणार. ते थांबले नाहीत. पायाने ऐकत होते. शेवटपर्यंत वाजवून झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "अगं, टेबल जरा कमी कर."

मी उठून ट्रेबल दोनावरून दीडवर आणलं. मग वही उघडली आणि ते लिहिलं.

"अन् डबा दिलास त्यात तुझा दोष बिष काही नाही," ते वाजवता वाजवता म्हणाले. "निम्मा डबा तर तू ठेवलाच होतास. वर चिठ्ठीसुद्धा लावली होतीस."

त्या रविवारी तुम्ही तो आवाज फोनवर ऐकलात. तू म्हणालास की ही कोठी तुलाही हवी. मग तू एक लांबलचक शीळ पाठवलीस. देवणी गाईच्या हंबरण्याहूनही खालच्या सुरात सुरू होणारी आणि चढत चढत शेवटी आबांना ऐकूच न येणारी. ती स्पीकरमधून वाजवायची आणि कोठीसमोर फोन ठेवून टिपायची. त्यावरून तुझ्या नव्या डबीत आमच्या कोठीचा ठसा बनला. पंखा बंद, फ्रिज बंद, मावशी बाहेर. तिसऱ्या वेळी कुकरची शिट्टी झाली म्हणून चौथ्यांदा. असा तो 'जवारी अर्धी' तुमच्याकडे आला. नाव आबांनी दिलं. मी 'ज्वारी' लिही म्हटलं होतं. ते म्हणाले, "चाचांचा शब्द आहे. बदलायचा नाही."

दिवाळीला तुमचा बाबा आला आणि दाराशी पेटी शोधू लागला. गिटार नेण्यासाठी त्याने विमानात जागा सांगून ठेवली होती. आबा म्हणाले, "पेटी ने. ती आता मला लागत नाही." म्हणून तुमच्याकडे ती काळी पेटी आली, आणि तुम्ही ती हौसेने उघडल्यावर आत शेंगांच्या चटणीचे डबे, करंज्या आणि ज्वारीचं पीठ निघालं. थोरल्या, तुझा चेहरा मला फोटोत दिसला. तुझी समजूत मी पत्रात घालणार नाही. गिटार तुझीच आहे, पण अजून नाही.

तू मागच्या आठवड्यात म्हणालास की तिकडे आवाज जवळजवळ तसाच येतो, पण शेवटी काहीतरी कमी पडतं. ती कडी आहे. शीळ वाजवून घेतलेल्या ठशात कडीची खुळखुळ येत नाही, हे तूच मला समजावलं होतंस. तिला पत्रा लागतो, धान्य लागतं आणि समोर वाजवणारा लागतो. सुट्टीत या आणि ऐका.

आबा आता मावशींना त्या कोठीला हात लावू देत नाहीत. पातळी उतरली की आवाज उतरतो म्हणतात. भाकरीसाठी आम्ही पुन्हा पिठाची पिशवी आणतो, आणि मावशी रोज पीठ मळताना आतून ऐकवतात, "एक खायची जवारी अन् एक ऐकायची जवारी. लईच लाड हायेत बाई या घरात." आबांना ते ऐकू जात नाही. त्यांचा पाय कोठीला टेकलेला असतो.